काय बोलून राहिला तो?

रायपुरात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. गणपतीच्या झाँक्या शारदा चौकातून निघून महादेव घाटाकडे जायला लागल्या, की धुमालच्या ठोक्यांनी ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी फडताळातली पितळी भांडी आपापल्या जागा बदलतात. लग्नसराईत डीजे असतो, नवरात्रात जगराता असतो, आणि रोज सकाळी कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत येते. बिलासपूरच्या उच्च न्यायालयानं डीजेच्या गोंगाटाची दखल घेतली, शासनाला जाब विचारला. तेवढ्यापुरता आवाज उतरतो आणि पुढच्या वरातीला पुन्हा चढतो. अशा गावात पदरचे पैसे घालून घरात आणखी आवाज आणणारा माणूस कसा दिसत असेल, याची कुणाला उत्सुकता असेल तर तो मी.

निमित्त आईचं झालं. आई ब्याऐंशी वर्षांची. आमच्या जुन्या पोटवाल्या टीव्हीनं राम म्हटला आणि त्या जागी 43 इंची पातळ टीव्ही आला. चित्र इतकं स्वच्छ, की खलनायिकेच्या नथीतले मोती मोजावेत. आवाज मात्र कुठून येतो तेच समजेना. टीव्ही पातळ करता करता कंपन्यांना समोर स्पीकर बसवायला जागाच उरलेली नाही; ते खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात. म्हणजे नायिका जे काही बोलते ते भिंतीशी बोलते, आणि भिंतीला वाटलं तर ती आपल्याला सांगते. संध्याकाळी सात वाजता मालिका सुरू झाली की लगेच आई विचारायची, "काय बोलून राहिला तो?" मी सांगायचो. मी सांगेपर्यंत तो आणखी काहीतरी बोलून मोकळा व्हायचा. "अन् आता काय बोलून राहिला?"

शेवटी आईनं स्वतःपुरता मार्ग काढला. नागपूरची मावशी रोज सकाळी फोनवर आदल्या रात्रीचा भाग संवादांसकट सांगायची, आणि आई रात्री पाहिलेलं चित्र त्यावर बसवून घ्यायची. व्यवस्था बिनखर्चाची होती आणि दोघी बहिणी सुखात होत्या. पण मुलाचं काही कर्तव्य असतं.

कर्तव्याच्या आड दुसरंही काही दडलेलं होतं, ते सांगतो. लहानपणी मुंबईचा मामा उन्हाळ्यात यायचा आणि मिनर्व्हा थिएटरात पाहिलेल्या 'शोले'ची गोष्ट सांगायचा. सिनेमा 1975चा, 70 मिलिमीटरचा पडदा, सहा पट्ट्यांवरचा आवाज. अमिताभनं नाणं उडवलं आणि ते खाली पडलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं मामा शपथेवर सांगायचा. आमच्या श्याम, राज, प्रभात, बाबूलाल या टॉकिजांत नाणं पडद्यामागेच पडायचं आणि आवाज पंख्याचा यायचा. पुढे 2000 साली छत्तीसगढ राज्य झालं, त्याच सुमाराला आलेल्या 'मोर छइँहा भुइँया'नं गर्दीचे दिवस आणले, पण तिथंही माझ्या पाठीमागून काही ऐकू आलं ते फक्त शेंगदाण्याची पुडी सोडल्याचं. ते नाणं माझ्या मागे, उजव्या बाजूला, पडायचं राहिलं होतं. आईचे कान हा निव्वळ शासकीय उद्देश होता.

बायकोनं वीस हजार रुपये मंजूर केले आणि वर एक अट घातली: हॉलमध्ये वायर दिसता कामा नये.

जयस्तंभ चौकाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानं दाटीवाटीनं आहेत. त्यातल्या एका दुकानदारानं मला काचेच्या खोलीत बसवलं, दार लावलं, एसी चालू केला आणि मोटारींची टक्कर दाखवली. माझ्या छातीतून ट्रक गेला. "भैया, दस हजार वॉट का है," तो म्हणाला. खोक्यावर तसं लिहिलेलंही होतं, पुढे पीएमपीओ ही चार अक्षरं होती. मी हरखलो. मग सवयीनं प्लग बघितला. साधा 6 अँपिअरचा प्लग. 230 व्होल्टला 6नं गुणलं तर 1380 वॉट होतात. उरलेले साडेआठ हजार वॉट कुठून येतात असं विचारल्यावर दुकानदारानं मला चहा मागवला. खोक्याच्या तळाशी, मुंग्यांनी वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, खरा आकडा होता: 40 वॉट आरएमएस. पीएमपीओ म्हणजे एखाद्या क्षणाच्या हजाराव्या हिश्श्यात, कागदावर, देवाची इच्छा असेल तर निघू शकणारी ताकद. आणि ती तरी कशाला हवी? वॉट दुप्पट केले तर आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. चार माणसांच्या हॉलमध्ये संवाद ऐकताना स्पीकर एखादा वॉटसुद्धा धड वापरत नाही. हे सगळं मला माहीत होतं. भौतिकशास्त्रात मी पदवीधर आहे. तरी घरी परत येताना रिक्षात मी दहा हजार वॉटचाच विचार करत होतो.

महाराष्ट्र मंडळात आमचे एक जाणकार आहेत. त्यांनी तारुण्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक ॲम्प आणला होता आणि त्या पुण्याईवर ते आजतागायत सल्ले देतात. चौबे कॉलनीतल्या मंडळाच्या पायऱ्यांवर त्यांनी मला बसवून घेतलं. तयार खोकं घ्यायचं नाही. सुटं सुटं घ्यायचं, म्हणजे पुढे एकेक वस्तू बदलून वाढवत नेता येते. पुढे दोन स्पीकर, मध्ये एक, मागे दोन, आणि खालच्या सुरांसाठी सबवूफर. यातला सबवूफर म्हणजे 'फाइव्ह पॉइंट वन'मधलं ते शेवटचं 'पॉइंट वन'. थिएटरात ही डॉल्बी डिजिटलची पद्धत 1992च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून आली. "आणि लक्षात ठेवा," ते म्हणाले, "सिनेमातले जवळजवळ सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. मधला चांगला घ्या." हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मी मान हलवली आणि विचारलं, "मागचे कोणते घ्यावेत?"

ॲम्प जुना घेतला. तो विकणारा गृहस्थ म्हणाला, "जापान का माल है, खास जापान के लिए बना हुआ।" ही मला शिफारस वाटली. जपानमध्ये विजेचा दाब 100 व्होल्ट असतो, आपल्याकडे 230. हा ॲम्प आपल्या भिंतीत थेट खुपसला असता तर खुपसणाऱ्यालाही मोक्ष मिळाला असता. म्हणून त्याच्याबरोबर दाब उतरवणारा एक ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. ॲम्पचे 8,500 आणि ट्रान्सफॉर्मरचे 2,600. तो ट्रान्सफॉर्मर चालू केला की एक अखंड, गंभीर, खर्जातला गुंजारव करत असे. आई त्याला "बुवा" म्हणायची. टीव्हीच्या पडद्यावर ॲम्पचा मेनू उघडला तो संपूर्ण जपानीत. किमान रेडिओ तरी ऐकू म्हणून एफएम लावलं, तर काटा 76पासून निघून 90च्या पलीकडे जाईना, कारण तिकडचा एफएमचा पट्टा तेव्हा तेवढाच होता. आपल्याकडची खासगी केंद्रं 91च्या पुढे बसलेली. रायपूरची सगळी स्टेशनं कुंपणाच्या अगदी पलीकडे, आणि अलीकडे शुद्ध जपानी पद्धतीची खरखर.

आईला रेडिओचं फार कौतुक. आकाशवाणी रायपूरच्या 'चौपाल'मधले बरसाती भैया तिच्या तरुणपणी रोज संध्याकाळी घरात बोलायला यायचे. तिला छत्तीसगढी तेव्हा धड येत नव्हती, पण एक शब्द चुकला नाही म्हणते. त्या ट्रान्झिस्टरला एकच स्पीकर होता, तळहाताएवढा, आणि तो ऐकणाऱ्याकडे तोंड करून बसवलेला होता. पण मी त्या वेळी मागच्या दोन स्पीकरांचे खिळे ठोकण्यात गुंतलो होतो.

खर्चाचं पुढचं थोडक्यात आटोपतो, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही. पुढची जोडी 7,000. मधला 3,500. मागची जोडी 3,000. सबवूफर 7,500, आकारानं सत्यनारायणाच्या पूजेच्या चौरंगाएवढा. 'ऑक्सिजनमुक्त तांब्याची' वायर 2,400. पंधरावीस फुटांच्या अंतराला चांगल्या जाडीची साधी तांब्याची वायर तेच काम करते, हे मला वायर भिंतीतून गेल्यावर समजलं. ब्रॅकेट वगैरे 900. बायकोनं हिशेबाच्या वहीत ही रक्कम 'घरदुरुस्ती' या सदरात टाकली, आणि दुरुस्तीसाठी घर पुढच्या वर्षापर्यंत थांबलं.

जोडणी झाली त्या रात्री पाच पेट्यांपैकी एकही वाजत नव्हती. मागच्या पेटीला कान लावून मी बराच वेळ उभा राहिलो. आत शांतता. टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची तीन भोकं असतात आणि त्यातलं एकच एआरसीचं असतं, म्हणजे तिथूनच टीव्हीचा आवाज उलट ॲम्पकडे जाऊ शकतो. बाकीच्या दोन भोकांत केबल अगदी तशीच घट्ट बसते, तशीच सुंदर दिसते आणि काहीही करत नाही. माझ्या ॲम्पला एआरसी ठाऊकच नव्हतं, म्हणून प्रकाशाची केबल आणली. ती जोडली, तर दोनच पेट्या वाजल्या. पुण्यात शिकणाऱ्या मुलीनं फोनवरून टीव्हीच्या सेटिंगमध्ये जायला लावलं. आवाज 'पीसीएम'वर होता, म्हणजे टीव्हीच सगळ्याचं दोन वाटांत मिश्रण करून पाठवत होता; तो 'बिटस्ट्रीम'वर नेल्यावर पाचही बोलू लागल्या. "बाबा, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं," ती म्हणाली. ॲम्पचं मॅन्युअल सौ टक्का जपानीत होतं, पण टीव्हीचं नव्हतं, त्यामुळे मी विषय बदलला.

पाचही बोलू लागल्या, पण त्या काय बोलत होत्या? डिशवरून येणारी आमची मालिका दोनच वाटांची. ॲम्प त्यातून ओढूनताणून पाच वाटा काढतो: मधलं बोलणं मध्ये आणि पसरलेलं पार्श्वसंगीत मागे. त्यामुळे खलनायिकेनं मान वळवली की तीन वेळा जो धडाम् होतो, तो आता आईच्या थेट डोक्यामागे व्हायला लागला. पहिल्या रात्री ती दचकून मागे वळली. "कोण पडलं?" मग पुढे पाहिलं, तेव्हा नायक ओठ हलवत होता. "काय बोलून राहिला तो?"

ॲम्पबरोबर एक चिमुकला माइक येतो. तो आपण बसतो त्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, घरात शांतता राखायची; मग ॲम्प प्रत्येक स्पीकरमधून शिट्ट्या मारतो, स्पीकर किती दूर आहे, किती मोठा आहे हे मोजतो आणि स्वतःच सगळं जुळवून घेतो. यात 'घरात शांतता राखायची' एवढी एकच गोष्ट ब्राह्मणपाऱ्यात होण्यासारखी नव्हती. मी सकाळ निवडली. पहिल्या शिट्टीला कोपऱ्यावर भाजीवाली आली. दुसऱ्या शिट्टीला आईनं "दूध उतू गेलं" म्हणून सांगितलं. तिसऱ्या शिट्टीला कचऱ्याची गाडी दारात येऊन पूर्ण कडवं म्हणून गेली. मेनू जपानी असला तरी आकडे वाचता येत होते: मागचा डावा स्पीकर 13 मीटर लांब असल्याचा निष्कर्ष ॲम्पनं काढला. आमचा हॉल 14 फुटांचा आहे. म्हणजे माझा 1,500 रुपयांचा स्पीकर गल्ली ओलांडून समोरच्यांच्या तुळशीवृंदावनापाशी उभा होता. ॲम्पनं तसं मानून त्याचा आवाज बाकीच्यांच्या आधी सोडला. आता धडाम् फक्त डाव्या कानात व्हायला लागला.

मग सबवूफर. तो भिंतीपाशी ठेवला तर सोफ्यावर काही ऐकू येईना आणि भिंतीपलीकडच्या शेजारीणबाई मात्र सांगायला आल्या, "भैया, आपके यहाँ बम फूटता है तो हमारी कढ़ाई खिसकती है।" यात जादूटोणा नाही. 40 हर्ट्झच्या खर्ज सुराची लाट 28 फूट लांब असते. 14 फुटांच्या खोलीत तिचा बरोबर अर्धा भाग मावतो आणि ती दोन भिंतींच्या मध्ये अडकून झुलत राहते. भिंतीपाशी तिचा जोर सर्वांत जास्त, खोलीच्या मधोमध जवळजवळ शून्य. आमचा सोफा मधोमध होता. शेजाऱ्यांचा ओटा भिंतीला होता. पैसे मी दिले होते आणि बेस त्यांना मिळत होता.

यावर जाणकारांनी एक उपाय सांगितला, जो जगभरचे शौकीन करतात आणि तो खरंच लागू पडतो. सबवूफर आपल्या बसायच्या जागेवर, चक्क सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं एखादं संगीत लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथं खर्ज एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल ती सबवूफरची जागा. चैत्राचे दिवस होते, बाहेर चाळीस अंश, दाराला नुसता पडदा. मी हाफ पँटवर, गुडघ्याखाली बायकोचं पायपुसणं घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं निघालो होतो. आई खुर्चीतून बघत होती. "काहून रे, अंगात आलं का?" तिनं विचारलं. मी टीव्हीच्या स्टँडखाली गाल टेकवून कोपऱ्यातला खर्ज जोखत असताना पडदा सरला आणि मंडळातल्या काही भगिनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण घेऊन आत आल्या.

सोफ्याच्या मानाच्या जागी सबवूफर बसून धुमसत होता. घरमालक जमिनीवर होते. मराठी बाईला कुणी जमिनीवर शोधताना दिसलं की ती कारण विचारत नाही, मदतीला लागते. "चष्मा पडला वाटतं," एक म्हणाली आणि पदर खोचून सोफ्याखाली वाकली. दुसरीनं स्टँडची डावी बाजू घेतली. बायको पन्हं घेऊन बाहेर आली तेव्हा महाराष्ट्र मंडळाची निम्मी महिला शाखा आमच्या फरशीवर होती. चष्मा माझ्या नाकावरच होता, त्यामुळे मला मान वर करता येईना. एवढ्यात सोफ्याखालून एक काकू विजयी चेहऱ्यानं बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक रुपयाचं नाणं होतं. "हेच शोधत होता ना?"

मी हो म्हटलं. 1975पासून शोधत होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही हकीकत आटोपशीर झाली असती. पण आवाजाच्या शौकात माणूस थांबत नाही, 'अपग्रेड' करतो. आता डोक्यावरचा आवाज हवा होता. डॉल्बी ॲटमॉस 2012 साली 'ब्रेव्ह' या सिनेमाबरोबर थिएटरात आलं आणि 2014पासून घरांत. छतात स्पीकर बसवणं परवडत नसेल तर पुढच्या स्पीकरांवर ठेवायच्या तिरप्या पेट्या मिळतात. त्या आवाज वर फेकतात, तो छतावर आपटून आपल्या डोक्यावर पडतो आणि हेलिकॉप्टर वरून गेल्याचा भास होतो. छत सपाट आणि टणक हवं, एवढीच अपेक्षा. मी 6,000 रुपयांना जोडी आणली.

आमच्या घराचं छत कवेलूंचं आहे. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपूरला राज्य करायला आले, त्यांच्यामागून आलेल्या कारकुनांत आमचे कुणीतरी होते असं आजोबा सांगत. घर तितकं जुनं नसलं तरी छप्पर त्या घराण्याला शोभेलसं आहे. दोन्ही बाजूंना उतरतं, बांबूच्या कामट्या, वर कवेलू, आणि कवेलूंतून उजेडाच्या बारक्या तिरीपी. आवाज वर गेला तो परत आलाच नाही. कामट्यांत शिरला, कवेलूंच्या फटीतून बाहेर पडला आणि छपरावर बसलेल्या माकडांनी हेलिकॉप्टर ऐकलं. ती उठून समोरच्यांच्या छपरावर गेली, म्हणजे पेट्यांत दोष नव्हता. दोष ॲम्पमध्येही नव्हता. तो 2010 सालचा होता, म्हणजे ॲटमॉस घरांत येण्याच्या चार वर्षं आधीचा. त्यानं ते नावच ऐकलं नव्हतं. मी त्या पेट्या त्याच्या जादा मागच्या स्पीकरांच्या खुंट्यांना जोडल्या होत्या आणि तो गुमान खलनायिकेचा धडाम् आता आढ्याकडे फेकत होता.

खर्च 41,400 झाला होता. आई अजून मावशीच्या भरवशावर होती. त्यात नवतपा लागला, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस. नवतप्यात रायपूरचा माणूस कूलरशिवाय जगत नाही, आणि आमचा कूलर खिडकीतून हॉलमध्ये तोंड करून बसतो. मोबाइलवरच्या मापकानं त्याचा आवाज 62 डेसिबल दाखवला. निवासी भागात बाहेरच्या आवाजाची कायद्याची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे; आमच्या हॉलची आतूनच दिवसरात्र पायमल्ली चालू होती. सिनेमावाल्यांचा हिशेब असा, की कुजबूज कुजबुजीसारखी असावी आणि स्फोट स्फोटासारखा. कुजबूज कूलरच्या वर काढायची म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या स्फोटाला शेजाऱ्यांची कढई पडते. म्हणून स्फोट झाला की कमी, बोलणं आलं की जास्त, असा मी रिमोट हातात घेऊन उभाच्या उभा सिनेमा बघत असे. कूलरच्या आवाजात रिमोटचं बटण दाबलेलं मात्र स्पष्ट ऐकू यायचं.

ऐन नवतप्यात कूलरचा पंप गेला आणि तो दुरुस्त करायला मिस्त्री आला. धमतरीकडचा, अबोल. पंप उघडून ठेवला, पाणी मागितलं, पाणी पिता पिता हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाला, "अतेक अकन डब्बा ला का करहू भैया?" इतक्या पेट्यांचं करायचं काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला मालिका लावून दाखवली. त्यानं थोडं ऐकलं, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि ॲम्पमागच्या वायरी सोडवून एकेका जोडीला क्षणभर टेकवला. सेलचं धन टोक लाल वायरीला लागलं की स्पीकरचा पडदा पुढे यायला हवा. एकाचा आला. दुसऱ्याचा आत गेला. "एखर तार उल्टा हे।" पुढच्या दोघांतला एक गेले दोन महिने दुसऱ्याच्या विरुद्ध वागत होता: हा ढकले तेव्हा तो ओढे, खालचे सूर दोघं मिळून खाऊन टाकत आणि मधोमध उभ्या माणसाचा आवाज पसरट करून सोडत.

मग तो टीव्हीच्या कपाटापाशी वाकला. मधला स्पीकर, जाणकारांनी दोनदा सांगितलेला, संवादांचा एकमेव मालक, तो बायकोच्या 'वायर दिसता कामा नये' या अटीमुळे मी कपाटाच्या आत, काचेच्या दारामागे बसवला होता. धूळ नको म्हणून त्यावर क्रोशाचा रुमालही होता. "अउ ए डब्बा ला आलमारी म काबर धांध दे हव?" मिस्त्रीनं विचारलं. त्यानं काचेचं दार उघडलं, पेटी कडेपर्यंत पुढे ओढली, तिच्या खाली लाकडाची चीप सारून तिचं तोंड आईच्या खुर्चीकडे केलं. कूलर बंद होता. हॉलमध्ये बुवांचा गुंजारव सोडला तर काही नव्हतं, तोही मिस्त्रीनं ट्रान्सफॉर्मरखाली जुन्या चपलेचा तळवा ठेवून निम्म्यावर आणला.

नायक बोलला. शब्द न् शब्द ऐकू आला. आई पुढे झुकून बसली. संपूर्ण भाग तिनं मला काही न विचारता पाहिला, जाहिरातींसकट. मी आणि मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भाग संपला.

"एवढंच बोलतात हे?" आई म्हणाली. "मावशी तर किती छान सांगते. काल ती म्हणे, की तो सासूला म्हणाला, तुमच्या घरच्या मिठाला जागलो म्हणून गप्प आहे. इथं तर तो नुसता 'आई, प्लीज' म्हणून राहिला."

तेव्हापासून मालिका पाहताना आवाज बंद असतो. संवाद सकाळी नागपूरहून येतात. मिस्त्रीनं पंपाचे 350 रुपये घेतले. बाकीच्याचे किती विचारल्यावर त्यानं हात हलवला, फक्त घड्याळातला सेल परत घालायला विसरला.

ज्यांना घरात असं काही करायचं आहे त्यांनी आधी मधला स्पीकर घ्यावा, त्याचं तोंड माणसांकडे करावं, खिडकीला जाड पडदा लावावा, आणि उरलेल्या पैशांत आवाज न करणारा कूलर मिळतो का ते पाहावं. ज्यांना तरीही पाच पेट्या हव्यातच, त्यांच्यासाठी मागची जोडी, आढ्याकडे तोंड करणारी जोडी आणि जपानी ॲम्प बुवांसकट देणे आहेत. किमतीबद्दल बायकोशी बोलावं. सबवूफर विकायचा नाही. आई त्यावर पाय ठेवून बसते, जुन्या सिनेमातलं ढोलकीचं गाणं लावायला सांगते, आणि त्यानं तिच्या पोटऱ्यांना बरं वाटतं. घेणाऱ्यानं सातच्या आत यावं. त्यानंतर मालिका असतात आणि आमच्याकडे कुणी दार उघडत नाही.